ठसा नाही

आक्काच्या तोंडून 'ठसा नाही' हे दोन शब्द निघाले, की अंगठीचं आयुष्य संपलं. जुन्या अंगठ्यांच्या धंद्यात हा अलिखित कायदाच होता. अंगठीच्या आतल्या बाजूला कारागिराने मारलेला एवढासा ठसा सापडला, तर ती कुणाच्या तरी हातची ठरायची. मखमलीवर बसायची, लिलावात मिरवायची. ठसा नसला की ते नुसतं सोनं. मग तिची रवानगी मुशीत, वितळायला. ठसा आहे की नाही, असला तर कुणाचा, हे सांगायचा मान आक्काचा. गळ्यात काळ्या दोरीने भिंग बांधलेलं असायचं म्हणून सगळा बाजार तिला भिंगाक्का म्हणायचा. तोंडावर म्हणायची अर्थात कुणाची टाप नव्हती.

दुकान वडिलांचं. त्यांनी जाताना मुलीला नजर दिली आणि मुलाला हात, असं आक्का ज्याला त्याला सांगायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल, मागच्या खोलीत धाकट्या भावाचं, आणि वरच्या मजल्यावर तिघांचा संसार: आक्का, भाऊ आणि भावजय. आलेली अंगठी आधी भाऊकडे जायची. तो ती साबणाच्या कोमट पाण्यात घालायचा, मऊ ब्रशने घासायचा, पिढ्यांचा मळ काढून पुढे पाठवायचा. मग आक्का वाचायची. घासायचं ते एवढंच. झिजलेल्या ठशाला हत्यार लावायचं नाही, हा वडिलांचा दंडक होता. ठसा मेला तर मरू द्यावा, त्याला ओढूनताणून उभा करू नये, असं ते म्हणायचे.

कारागिरांची नावं केव्हाच विसरली गेली होती, ठसे तेवढे राहिले होते. त्यामुळे बहीण-भावांनी लहानपणीच ठशांवरून त्यांची नावं पाडली होती. तीनपानी हा हात आखडता घेणारा, सोनं पातळ वापरायचा. कात्रीवाल्याचा ठसा कायम तिरका. आक्काच्या मते तो पिऊन कामाला बसत असणार. चिमणीवाला मात्र राजा माणूस. अंडाकृती चौकटीत, फांदीवर बसलेली चिमणी. त्याची अंगठी हातात आली की आक्का दिवसभर कुणावर खेकसायची नाही, आणि हे तिच्या घरात सणासारखंच होतं.

तर अशा या आक्काच्या टेबलावर एका सकाळी लिलावघराच्या तपासनिसाने तीन अंगठ्या ठेवल्या. माणूस मऊ आवाजाचा, खुर्चीच्या कडेवर बसणारा. अशी माणसं आक्काला मुळातच आवडत नसत.

"बाई, या तिन्ही आम्ही तुमच्या शब्दावर घेतल्या. चिमणीवाल्याच्या म्हणून."

"आहेतच त्याच्या."

"अंगठ्या जुन्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ठशाचं काही वेगळंच आहे. ठसा ठोकला की सोनं दबतं, कडा गोलसर राहतात, आणि वापरून वापरून आणखी गुळगुळीत होतात. इथे सोनं दबलेलं नाही, कापलेलं आहे. अलीकडे कुणीतरी कोरणी फिरवली आहे. नख लावून बघा."

आक्काने नख लावलं. नख अडकलं. तिन्ही अंगठ्यांत अडकलं. इतकी वर्षं नजरेवर भिस्त ठेवलेल्या बाईला नख लावून बघायचं सुचलंच नव्हतं.

"मी तुमच्यावर आळ घेत नाही," तो म्हणाला, आणि अर्थातच घेत होता. "आठवड्याने येतो. तोवर तुमच्याकडे काय चाललंय ते बघा. नाहीतर तुमच्या शब्दावर आम्हाला काही घेता येणार नाही. आणि आम्ही नाही म्हटलं की बाकीचेही..."

बाकीचं वाक्य त्याने पुरं केलं नाही, पण ते आक्काला पाठ होतं. तिला ना नवरा, ना मूल. शब्द होता. तो गेला तर तिला कुणी रस्त्यावर ओळख दाखवायचं कारण उरणार नव्हतं. तपासनीस गेल्यावर तिने तिन्ही अंगठ्या खणात टाकल्या, किल्ली कमरेला लावली आणि घाबरून बसून राहिली. ती घाबरली होती हे तिने स्वतःशी कबूल केलं, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

"कोण आलं होतं गं?" मागच्या खोलीतून भाऊने विचारलं.

"कुणी नाही. चौकशीला आला होता."

खोटं बोलून झालं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण भाऊशी खोटं बोललो. म्हणजे मनाने आरोपी केव्हाच ठरवला होता. ठरवणार नाही तर काय? या घरात कोरणी चालवणारा हात एकच होता.

एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात. आक्काला आठवलं, भाऊ हल्ली खोलीचं दार लावून घेतो. विचारलं तर म्हणतो, धूळ येते. चाळीस वर्षं धूळ येत नव्हती ती आताच यायला लागली? पूर्वी अंगठी घासून चहा निवायच्या आत परत यायची. आता संध्याकाळ होते. परवा ती अचानक आत गेली, तर त्याने हातातलं काहीतरी फडक्याखाली सारलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज ज्याला पडते, त्याच्या भांड्यात ताक नसतं, असं आक्काचं मत पडलं.

आणि भावजय! ती तर साळसूदपणाचा कळस. हल्ली चहाचा कप टेबलावर ठेवायची नाही, थेट आक्काच्या हातात द्यायची, वर बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसली की नाही ते बघायची. जिना उतरताना मागून येऊन दंडाला धरायची. "सावकाश, वन्सं." कशाला सावकाश? आक्काला काय लकवा झाला होता? शिवाय वर स्वयंपाकघरात दोघं कुजबुजत असायची आणि आक्का दारात आली की एकदम भाजीचा विषय निघायचा. कुठल्याही नवरा-बायकोला भाजीत एवढा रस नसतो.

हिशोब सरळ होता. बिनठशाच्या अंगठ्यांत भाऊ चिमण्या कोरतो. आक्का फसून त्यांना चिमणीवाल्याच्या म्हणते. आणि एक दिवस बोभाटा झाला की नाव कुणाचं जाणार? आक्काचं. मग म्हातारीला वरच्या मजल्यावर बसवायचं आणि दुकान आपलं. लाडीगोडी उगाच नव्हती. ज्या भावाला तिने कडेवर खेळवलं, ज्याला पहिल्यांदा कोरणी धरायला तिने शिकवलं, तोच हे करत होता. या विचाराने तिला दोन घास कमी गेले, आणि ते बघून भावजयीने विचारलं, "वन्सं, बरं नाही का?" तेही आक्काने पुराव्यात जमा केलं.

पण पुराव्याशिवाय बोलणारी ती नव्हती. तिने डाव टाकला.

दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आजीची अंगठी घेऊन आले. एरवी आक्काने ती तशीच मागे पाठवली असती. या वेळी तिने खणातून मेणाचा गोळा काढला, तळहातावर मऊ केला आणि अंगठीची आतली बाजू त्यावर दाबून फिरवली. मग खिडकीच्या उजेडात भिंग लावून मेण पाहिलं. काही नाही. सपाट. थोडंसं धुरकट, पण ते मेणाचं असणार. अंगठीतही बघितलं. नखाला किंचित खालीवर लागल्यासारखं झालं खरं, पण आजीची अंगठी म्हटल्यावर मळ असणारच. तिने तो मेणाचा तुकडा एका पत्र्याच्या डबीत ठेवला आणि अंगठी भाऊकडे दिली.

"घाई नाही," ती म्हणाली. "तुझ्या सवडीने."

भाऊने दार लावून घेतलं. आक्का दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिली. आधी पाण्याचा आवाज, ब्रशचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. कोरणीला आवाज नसतो.

संध्याकाळी अंगठी आली. आक्काने भिंग लावलं. चिमणी! चोच, शेपटी, पायाखालची फांदी, सगळं ठसठशीत. सकाळी जिथे काही नव्हतं, तिथे राजाचा पक्षी बसला होता. नख लावलं. नख अडकलं.

"चिमणीवाला आहे रे," ती आतल्या दिशेने म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिला कष्ट पडले.

"हो का?" भाऊ दारात आला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. "बरं झालं."

चोर सुटल्यावर असाच दिसतो, आक्काने मनात म्हटलं, आणि दुसऱ्या मेणाच्या तुकड्यावर अंगठी दाबून तोही डबीत टाकला. पहिल्याला तिने नखाने खूण करून ठेवली होती. आता घोटाळा व्हायला जागा नव्हती. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. वर जेवताना भाऊ कधी नव्हे तो गप्पा मारत होता आणि तिला त्याच्या ताटाकडे बघवत नव्हतं.

तपासनीस ठरल्याप्रमाणे आला. आक्काने भाऊ आणि भावजय दोघांनाही पुढच्या खोलीत बोलावलं. भावजय पदराला हात पुसत आली.

"बसू नका," आक्का म्हणाली. "उभ्या उभ्याच होईल." तिने डबी उघडली. "साहेब, तुम्ही म्हणालात घरात काय चाललंय ते बघा. बघितलं. ही अंगठी माझ्याकडे आली तेव्हा मी मेणावर दाबून घेतली. खुणेचा तुकडा तो. माझ्या भावाच्या हातातून परत आली तेव्हा पुन्हा घेतली. हा दुसरा. पहिला कोरा आहे, दुसऱ्यात चिमणी आहे. मधे अंगठी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नाही. आता मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

भाऊचा चेहरा पांढरा पडला. त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने जमिनीकडे. आक्काला आणखी काय हवं होतं?

तपासनिसाने स्वतःचं भिंग काढलं. दोन्ही तुकडे खिडकीशी नेले. पहिला पाहिला, दुसरा पाहिला, परत पहिला पाहिला. मग तो वळला, आणि त्याचा मऊ आवाज आणखी मऊ झाला.

"बाई, चिमणी दोन्हींत आहे."

"काय?"

"पहिल्यात झिजलेली आहे. पण आहे. चोच आहे, शेपटी आहे, फांदी आहे. इतकी चांगली की आम्ही डोळे झाकून घेतली असती. दुसऱ्यात तीच चिमणी वरून कोरली आहे. आता तिला घेता येणार नाही."

आक्काने तुकडा त्याच्या हातातून ओढून घेतला. भिंग लावलं. खिडकीकडे तोंड केलं, मग दिव्याकडे केलं. सपाट. धुरकट.

"इथे काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही तुकडे बदललेत."

भावजयीने नुसती मान वाकवून आक्काच्या हातातल्या मेणाकडे पाहिलं, भिंग नाही की काही नाही, आणि लगेच तोंड फिरवलं. तिला चिमणी उघड्या डोळ्यांनी दिसली होती. हे आक्काला दिसलं. माणसांचे चेहरे तिला अजून वाचता येत होते.

तेवढ्यात भाऊ पुढे झाला.

"साहेब, कोरणी माझी आहे," तो म्हणाला. "त्या तिन्ही अंगठ्याही मीच कोरल्या. ठसा ठळक दिसला की चांगला भाव येईल असं वाटलं. हाव सुटली. आक्काला यातलं काही ठाऊक नाही. तिचा शब्द खराच आहे, तुम्ही तिच्या शब्दावर घेत राहा. दोष माझ्या नावावर घाला."

लहानपणी भाऊ खोटं बोलायचा तेव्हा अंगठा मुठीत लपवायचा. आताही त्याच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या आणि अंगठे दिसत नव्हते. पन्नाशी उलटलेला माणूस, पण सवय तीच.

आक्का मेणाच्या तुकड्याकडे बघत उभी राहिली. खरी चिमणी बिघडवून चिमणी कोरणाऱ्याला काय मिळणार? काही नाही. उलट नुकसान. मग कोरायची कशाला? ठळक कुणासाठी करायची? ज्याला झिजलेली दिसत नाही त्याच्यासाठी. या दुकानात ठसा वाचणारं माणूसही एकच होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. कपाचा कान, जिन्याची पायरी, दाराआडचा भाऊ, सगळं एका क्षणात तिच्यासमोर वेगळंच होऊन उभं राहिलं, आणि तिला भयंकर लाज वाटली.

पण लाज वाटली तरी ती लगेच बोलली नाही, हेही सांगायला हवं. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची सोय भाऊने करून दिली होती. त्याचं नाव जाईल, तिचा शब्द राहील. तपासनीस तर कबुलीच्या शब्दांवर मान डोलवायलाही लागला होता. आक्काने फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली. घड्याळ टिकटिकत होतं, रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, आणि आपल्याला बोलायला एवढा वेळ का लागतोय हे तिला कळत होतं.

"खोटं बोलतोय तो," ती शेवटी म्हणाली.

"आक्का, तू गप्प बस."

"तू गप्प बस! मोठी मी आहे की तू?" ती ओरडली, आणि मग आवाज उतरला. "साहेब, मला दिसत नाही. मला वाटायचं दिवे मिणमिणते आलेत हल्ली. दिवे ठीक आहेत. मला जे दिसावं म्हणून हा कोरत बसला, तेवढंच मला दिसलं. माझ्या शब्दावर काही घेऊ नका. घेतलेलं परत तपासा."

भावजय रडायला लागली. भाऊने मुठी सोडल्या.

तपासनिसाने भिंग खिशात ठेवलं. मग त्याने विचारायला हवं तेच विचारलं. "कुठवर मागे जायचं, बाई? कधीपासूनचं तपासायचं?"

आक्का याचं उत्तर द्यायला तोंड उघडायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की ते आपल्याला माहीतच नाही.

"कधीपासून रे?" तिने भाऊला विचारलं.

"जाऊ दे ना, आक्का."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी," भाऊ म्हणाला. "हिवाळ्यात. एक बाई आल्या होत्या. घाईत होत्या, न घासताच वाचा म्हणाल्या. तू वाचलीस. म्हणालीस, ठसा नाही, वितळवा. त्यांनी समोरच्या भट्टीवर नेली. जाताना मला दाखवली, किती वजन भरेल म्हणून. मी आत बघितलं. चावी होती, आक्का. बाबांची."

वडिलांनी तरुणपणी, दुरुस्तीच्या कामाला जुंपून घेण्याआधी, थोड्या अंगठ्या स्वतःच्या हाताने घडवल्या होत्या. त्यांत ते छोट्या चावीचा ठसा ठोकायचे. सगळ्या विकल्या गेल्या. दोघांनी ती चावी फक्त ठसा मारायच्या लोखंडी खिळ्यावर पाहिली होती, सोन्यात कधीच नाही.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं त्यांना. थांबा म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या बहिणीचा शब्द म्हणजे शब्द, तुम्हाला काय कळतंय? मी आत पैसे आणायला धावलो, विकतच घ्यायला. परत गेलो तोवर भट्टीवाल्याने मुशीत टाकली होती." भाऊने नाक पुसलं. "तुला कसं सांगू? आणि त्यानंतर तुझ्या हाती अंगठी द्यायला भीती वाटायला लागली. तू नाही म्हणालीस की संपलंच. म्हणून मग मी... चुकलं माझं. दुसरं सुचलं नाही."

आक्काला ती बाई आठवत नव्हती. अशा कितीतरी यायच्या. ती अंगठी आपल्या हातात होती, आपण ती बोटांत फिरवली होती, आणि त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं.

"मी ती नीट बघितली होती का?" तिने विचारलं. "की घाईत..."

"नीट बघितली होतीस. दोनदा."

"आणि नुसतं 'ठसा नाही' म्हणाले? आणखी काही नाही ना म्हणाले?"

भाऊ खाली बघत राहिला. आक्काने भावजयीकडे पाहिलं. ती त्या दिवशी चहा घेऊन तिथेच उभी होती. तिने डोळे पुसले, आणि आक्काने तीनदा विचारल्यावर हळूच सांगितलं.

"वन्सं, तुम्ही हसलात. म्हणालात, असलं काम करणाऱ्याने नाव लपवलं ते बरंच केलं."